खडूजवळचा माइक

थोरलीनं ऑपरेशनची तारीख रद्द केली, हे धाकटीला कळलं ते रुग्णालयातून आलेल्या फोनवरून. थोरली तेव्हा घरातच होती, चार पावलांवर, ओट्यापाशी भांडी पुसत. विचारल्यावर तिनं फडकं नीट वाळत घातलं, कपाटातून वही काढली आणि वाचून दाखवलं. वार मंगळवार, संध्याकाळचे सहा वाजून बारा मिनिटं, गुरुजींनी पाटीवर लिहिलं, "शरीराला शस्त्र लावू नकोस. मी आहे."

"हे तुलाच कशावरून?"

"मी चिठ्ठी पाठवली होती. आधी माझ्या चिठ्ठीचा क्रमांक दाखवला, मग उत्तर."

डाव्या स्तनातली गाठ कोटाच्या बटणाएवढी होती. डॉक्टरीणबाईंनी ती महिन्याच्या आत काढायला सांगितली होती आणि त्यातले अकरा दिवस गेले होते. धाकटी घसा फोडून बोलली. थोरलीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, की आधी एकदा त्यांना नीट बघ, मग तोंड उघड.

थोरली एकतीस वर्षं न्यायालयात लघुलेखक होती. आरोपी रडो, वकील ओरडो, तिची पेन्सिल थांबत नसे. बोललेलं वारा नेतो, लिहिलेलं उरतं, हा तिचा एकच धर्म, आणि शब्द गाळणं ही तिच्या लेखी चोरी. बोलणारा बुवा अशा बाईला सात जन्मांत गुंडाळू शकला नसता. गुंडाळलं ते न बोलणाऱ्यानं. अकरा वर्षं मौन, हातात खडू, मांडीवर पाटी. थोरलीला आयुष्यात पहिल्यांदा असा माणूस भेटला होता, जो जे म्हणायचं ते लिहूनच म्हणत होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी धाकटीनं टीव्हीला हेडफोन लावून गुरुजींचा कार्यक्रम पाहिला. हेडफोन सवयीचा होता. ती गेली बावीस वर्षं एका डबिंग स्टुडिओत ध्वनिमुद्रक होती. काचेच्या पलीकडे कलाकार बोलणार, अलीकडे ही ऐकणार. पडद्यावर पांढरी भिंत, पांढरे कपडे, पांढरी दाढी. माणूस डोळे मिटून बसे, बराच वेळ काही होत नसे, मग खडू पाटीवर खरखरे आणि समोरच्या बायका रडू लागत. खडूचा आवाज इतका जवळून येत होता की पाटीच्या कडेला माइक लावलेला असणार, हे तिनं लगेच ओळखलं. मौनसुद्धा ऐकू यायला लागतं, त्याशिवाय ते विकलं जात नाही.

पण माइक बिचारा काय, समोर येईल ते उचलतो. लिहिण्याआधी त्या माणसानं श्वास घेतला. टाळूवरून जीभ सुटल्याचा टक, आणि मागोमाग एका नाकपुडीतून बारीक शिट्टी.

धाकटीनं हेडफोन काढून मांडीवर ठेवला. ती शिट्टी तिनं चार वर्षं, वाक्यावाक्याच्या आधी, स्वतःच्या हातांनी कापून काढली होती. आईचा आवाज ती एकवेळ विसरेल, पण ही शिट्टी विसरणं शक्य नव्हतं.

स्टुडिओत त्याला ‘घसा’ म्हणत. दुसऱ्या भाषेतून आणलेली एक भक्तिमालिका होती, तिच्यातल्या संताला त्याचा आवाज होता. बाहेर फाटक्या तोंडाचा, पण माइकसमोर उभा राहिला की लोणी. संताचं वाक्य संपलं की तो अर्धा क्षण जास्त थांबायचा. "थांबलं की रडतात," असं तो म्हणे, "शब्दांनी फक्त खोकला येतो." मालिका लोकप्रिय झाली आणि प्रेक्षकांची पत्रं येऊ लागली. ती संताच्या नावानं, वाहिनीमार्फत थेट स्टुडिओत यायची. घसा ती टेकच्या मधल्या वेळात उघडून मोठ्यानं वाचे, आणि संताच्या आवाजात त्यांना उत्तरं देई. सगळी मंडळी पोट धरून हसत. असंच एकदा एका आईचं पत्र निघालं. मुलीला झटके येतात, औषधानं ती दिवसभर झोपते, काय करू? घशानं डोळे मिटले, थांबला आणि लोण्यासारख्या आवाजात म्हणाला, "माते, औषध बंद कर. झोपेत काय मजा? झटक्यात निदान हालचाल तरी आहे."

मुद्रण चालू होतं. मालिकेच्या शेवटच्या भागाचा टेक सतरा. असले वाया गेलेले टेक धाकटी पुसत नसे. कामाला कधी काय लागेल सांगता येत नाही म्हणून वेगळ्या डिस्कवर ठेवून देई. ती डिस्क अजून तिच्या टेबलाच्या खालच्या खणात होती. अकरा वर्षांत तिनं ती एकदाही ऐकली नव्हती, कारण त्या डिस्कवर घशाच्या वाक्यानंतर आणखी एकाचं हसणं होतं. काचेच्या अलीकडचं, सूचना देण्याच्या माइकनं उचललेलं. तिचं.

म्हणून तिनं थोरलीला लगेच सगळं सांगितलं नाही. ‘तुझा गुरुजी माझ्याकडे डबिंगला यायचा, श्वासाच्या शिट्टीवरून ओळखला’ एवढंच म्हणाली. थोरलीनं विचारलं, "लेखी काही आहे?" नव्हतं. शिट्टी लेखी नसते.

"मग श्वासावरून माणूस ओळखणारी तू पहिलीच. न्यायालयात असतीस तर हशा पिकला असता."

शनिवारी धाकटी गुरुजींच्या केंद्रावर गेली. पूर्वी ते फर्निचरचं दुकान असावं, फरशीवर अजून कपाटांच्या पायांचे चौकोन उमटलेले होते. कडेला चप्पल-बूट ओळीनं, भिंतीवर ‘येथे बोलू नये’. खासगी भेटीसाठी प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्यायचा होता. तिनं तीन शब्द लिहिले, "घसा, टेक सतरा." आत गेलेला स्वयंसेवक दोन मिनिटांत परत आला आणि रांगेतल्या सगळ्यांच्या आधी तिला घेऊन गेला.

खोलीत एक गालिचा, एक पाटी, एक पंखा. त्यानं बोटाच्या खुणेनं स्वयंसेवकांना बाहेर काढलं, दार लागल्याची खात्री केली, पंखा मोठा केला. मग बोलला. अकरा वर्षांनी तो आवाज तसाच होता, फक्त कडेला गंज चढलेला.

"जाडी झालीस."

"तू दाढी वाढवलीस. आत तोच आहेस."

"काय पाहिजे? नोकरी? कॅमेरावाला आहे, आवाजाला चांगलं कुणी नाही. माझी शिट्टी तूच कापायचीस ना, बघ."

तिनं थोरलीचा चिठ्ठी क्रमांक सांगितला. तो त्याच्या लक्षात नव्हता. दिवसाला शंभर चिठ्ठ्या येतात, म्हणाला. शस्त्राची भीती असलेल्यांना शस्त्र नको लिहितो, लग्नाची भीती असलेल्यांना थांब लिहितो. "लोक प्रश्नातच उत्तर लिहून पाठवतात. मी फक्त खडू चालवतो. तुझ्या बहिणीला कापून घ्यायचं नव्हतं, म्हणून तिनं मला विचारलं. कापून घ्यायचं असतं तर डॉक्टरला विचारलं असतं."

हे अगदी खोटंही नव्हतं, म्हणून तिचा राग जास्तच चढला. तिनं पर्समधून डिस्क काढून गालिच्यावर ठेवली.

त्यानं ती उचलली नाही. नुसता बघत राहिला. "यात तूपण हसतेस."

"माहीत आहे."

"वाजवलीस तर माझं दुकान जाईल. तुझी नोकरी जाईल, आणि बहीणही."

"मला वाजवायची नाही. तू लिही, ती तुझं ऐकते. मग ही तुझी."

"कॉपी?"

"मी कॉपी ठेवत नाही. तुला माहीत आहे."

ते खरं होतं. मालिका प्रसारणाआधीच बाहेर फुटायच्या म्हणून स्टुडिओचा नियमच होता, एक डिस्क, एक खण, एक किल्ली. आणि दुसरं खरं असं, की ते हसणं या जगातून जावं असं तिलाही वाटत होतं.

घशानं पाटी पुसली. "सांग काय लिहू."

धाकटीनं वाक्य घरूनच घोकून आणलं होतं. गाठ काढून घे, आणि नंतर डॉक्टर सांगतील ते सगळे उपचार पूर्ण कर.

"लांब आहे," घसा म्हणाला. "पाटीवर मावत नाही. पडद्यावर चार सेकंद दिसतं."

आणि इथं धाकटीनं जी चूक केली, ती तिच्याच धंद्यातला माणूस करू शकतो. बावीस वर्षं पलीकडून ‘लांब आहे’ असं आलं, की तिची पेन्सिल आपोआप वाक्यावर चाले. पडद्यावरचे ओठ मिटायच्या आत वाक्य मिटलं पाहिजे, अर्थ नंतर. तिनं क्षणभर डोळे बारीक केले, मनात मोजलं आणि म्हणाली, "गाठ काढून घे."

"बसतंय," घसा म्हणाला. दोघांनी एकाच वेळी मान हलवली, जुन्या दिवसांसारखी. तेव्हा तिला ते जाणवलंही नाही.

बुधवारी पडद्यावर आधी थोरलीचा क्रमांक आला, मग ते तीन शब्द. गुरुवारी डिस्क घशाकडे गेली. पुढच्या सोमवारी ऑपरेशन झालं, सतरा टाके. धाकटी रुग्णालयाच्या कॉरिडॉरमध्ये बाकावर बसून रडली आणि तिला वाटलं, सुटलो आपण.

टाके काढायच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी तपासणीचा कागद समोर ठेवला. गाठ गेली, पण ती एकटी नव्हती, काखेपर्यंत पोचली होती. सलाइनमधून औषधाचे सहा डोस घ्यावे लागतील, तीन-तीन आठवड्यांनी, आणि पहिला ऑपरेशनपासून सहा आठवड्यांच्या आत. थोरलीनं वही उघडली, मंगळवारचं जुनं वाक्य खोडलेलं दाखवलं, त्याखालचं बुधवारचं वाचलं.

"गाठ काढून घे. पूर्णविराम. औषधाचं यात काही नाही."

"बाई, हे कुणी लिहिलंय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. थोरलीनं वही मिटली. धाकटीला ते सांगता आलं असतं. अर्धं वाक्य तिनं स्वतःच्या हातानं कापलं होतं.

ती पुन्हा केंद्रावर गेली. या वेळी तिला सगळ्यांसमोर बसवलं. घशानं डोळे मिटले, थांबला, आणि पाटीवर लिहिलं, "जिच्या मनात संशय, तिनं दुसऱ्याची श्रद्धा नासवू नये." चाळीस बायका वळून तिच्याकडे बघू लागल्या. एकीनं तिच्या बहिणीला ओळखलं आणि म्हणाली, की एवढ्या सात्त्विक बाईच्या घरात असला निखारा कसा. दोन स्वयंसेवकांनी तिला दंडाला धरून रस्त्यापर्यंत पोचवलं आणि तिचे बूट मागून फेकले. तिच्याकडे आता काहीच नव्हतं. पुरावा तिनं स्वतःच्या हातानं देऊन टाकला होता.

ऑपरेशननंतर पाचव्या आठवड्यात केंद्राचे लोक कॅमेरा घेऊन घरी आले. थोरलीचा अनुभव हवा होता. थोरलीनं तो आधी लघुलिपीत लिहून काढला, मग अकरा मिनिटं वाचला. दिनांक, रुग्णालय, डॉक्टर, टाके, सगळं. आधी शस्त्र नको म्हणून लिहून आलं आणि मग घे म्हणून लिहून आलं, हेही तिनं सोडलं नाही.

शुक्रवारी ते लागलं, तेव्हा दोघी एकाच सोफ्यावर होत्या, मध्ये एक उशी. चाळीस सेकंद. थोरली पडद्यावर म्हणाली, "गुरुजींनी पाटीवर लिहिलं आणि गाठ गेली." पाठीमागे बासरी.

"ताई, हे तू असं म्हणालीस?"

थोरली पडद्याकडे वाकली.

"‘गाठ’च्या आधी तू श्वास घेतलास, तो अर्धा आहे. ‘गेली’ दुसरीकडचं आहे. तिथं तुझा आवाज खाली होता, इथं एकदम वर उचलल्यासारखा. दोन तुकडे चिकटवलेत."

थोरली उठली, वही आणली, चष्मा लावला आणि निवेदन बोट ठेवून पहिल्यापासून वाचलं. चौथ्या पानावर सापडलं. ‘ऑपरेशनच्या टेबलावर माझी भीती गेली.’ तिनं चष्मा काढला. तिचा चेहरा पांढरा पडला होता, ऑपरेशनच्या दिवशीही तो इतका पांढरा नव्हता.

तिनं केंद्राला फोन लावला. तिकडची बाई गोड होती. भावना महत्त्वाची ताई, शब्दांचं काय एवढं. थोरलीनं फोन असा ठेवला जणू त्याला वास येत होता. पण दोन तासांनी तिनं निकाल दिला, की हे केंद्रातल्या कारकुनांचं काम. वरच्या माणसाला खालचे लोक असेच बदनाम करतात, न्यायालयात काय कमी पाहिलं. गुरुजींनी लिहिलं ते खरंच होतं. गाठ काढून घे म्हणाले, काढली. औषध घे म्हणाले नाहीत, नाही घेणार.

सहा आठवड्यांतले नऊ दिवस उरले होते. धाकटीनं आणखी दोन दिवस घालवले. रविवारी सकाळी थोरली टेबलाशी पेन्सिलींना टोक करत होती, तेव्हा ती समोर बसली आणि म्हणाली, "ते वाक्य त्याचं नाही. माझं आहे. आणि ते अर्धं आहे."

थोरलीनं टोकयंत्र खाली ठेवलं, वहीचं कोरं पान उघडलं आणि म्हणाली, "पहिल्यापासून सांग. सावकाश."

ती बहीण राहिली नाही. मध्ये एकदाही "अगं" म्हणाली नाही, डोळे वर केले नाहीत. फक्त जिथं गोष्ट ढिली पडे तिथं प्रश्न विचारी. कोणत्या वर्षी? खोलीत किती माणसं? पत्र कुणी उघडलं? त्या मुलीचं पुढं काय झालं? ते धाकटीला माहीत नव्हतं. त्या आईला कुणी खरं उत्तर पाठवलं का, तेही नाही. बहुधा पत्र टोपलीत गेलं.

"त्यानंतर तू हसलीस?"

"हो."

"किती वेळ?"

धाकटीला हे माहीत असायला नको होतं, पण होतं. मुद्रण कापताना तिनं ते मोजलं होतं. "अकरा सेकंद."

पेन्सिल किंचितही अडखळली नाही. "आता पूर्ण वाक्य सांग. जसं ठरवलं होतंस तसं."

"गाठ काढून घे, आणि नंतर डॉक्टर सांगतील ते सगळे उपचार पूर्ण कर."

थोरलीनं दुपारभर ते टाइप केलं. अडीच पानं. सही कुठं करायची ते बोटानं दाखवलं. सही झाली, त्याखाली तिनं शिक्का मारावा तशी स्वतःच्या हातानं एक ओळ लिहिली, ‘वाचून दाखवले, बरोबर असल्याचे मान्य केले.’ मग रुग्णालयाला फोन करून गुरुवारची वेळ घेतली. धाकटीला वाटलं, आता ती ओरडेल, निदान एक कानाखाली देईल. थोरलीनं त्यातलं काहीच केलं नाही. तिनं बोलणं बंद केलं. त्या दिवसापासून हवं-नको ते चिठ्ठीवर. ‘दूध संपले.’ ‘गुरुवारी सात वाजता निघायचे.’ ‘दार हळू लाव.’ चिठ्ठ्या फ्रिजवर, चुंबकाखाली.

गुरुवारी लांबट खोलीत सहा खाटा होत्या, सहा सलाइनच्या बाटल्या आणि समोर भिंतीवर एक टीव्ही. थोरलीच्या हाताला सुई लागली. धाकटी तिच्या उजवीकडच्या खुर्चीत बसली. कुणीतरी वाहिनी बदलली आणि पांढरी भिंत आली, पांढरी दाढी, मांडीवर पाटी. सकाळी जुने भाग पुन्हा दाखवत. पलीकडच्या खाटेवरची रुमाल बांधलेली बाई हात जोडून उठून बसली. तिचा तिसरा डोस होता. शेजारणीला ती सांगू लागली, की हा शेवटचा. एका बाईची गाठ नुसत्या लिहिण्यानं गेली, परवा दाखवलं, आपण चिठ्ठी पाठवली आहे.

धाकटी टीव्ही बंद करायला उठली. रुमालवाली खवळली. "ओ बाई, तुम्हाला बघायचं नसेल तर तोंड फिरवा. आमचा देव कशाला बंद करता?"

थोरलीनं मोकळ्या हातानं पिशवीतून अडीच पानं काढली. चष्मा लावला. पानं मांडीवर ठेवून ओळीखाली पेन्सिल धरली. चार दिवस न वापरलेला आवाज तिनं एकदा खाकरून साफ केला. आणि न्यायालयात ज्या स्वरात जबान्या वाचल्या जातात, सपाट, प्रत्येक शब्द सुटा, त्या स्वरात वाचायला लागली.

"त्या बाईची गाठ सतरा टाके घालून काढली आहे. ती बाई मी. आता ज्या व्यक्तीनं ते पाटीवर लिहून घेतलं, तिचं निवेदन. मी खाली सही करणारी, व्यवसायानं ध्वनिमुद्रक..."

खोली हळूहळू गप्प झाली. परिचारिका ट्रे घेऊन दारातच थांबली. भिंतीवर घसा डोळे मिटून थांबला होता, पण त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं. भक्तिमालिका आली, पत्रं आली, आईचं पत्र आलं, झटक्यांचं वाक्य जसंच्या तसं आलं. धाकटी दोन्ही हातांनी खुर्चीची कड धरून बसली होती. पुढं काय येतं ते तिला पाठ होतं.

"त्यावर मी अकरा सेकंद हसले," थोरलीनं वाचलं.

रुमालवालीनं तोंडावर हात नेला. "कोण ही सटवी? कुठं असते?"

थोरलीनं पानावरून नजर न उचलता पेन्सिल उजवीकडे धरली. पाच खाटांवरच्या पाचही बायका त्या दिशेनं वळल्या. धाकटी उठून उभी राहिली. बसायला कुणी सांगितलं नाही.

"मध्ये बोलू नका," थोरली म्हणाली आणि पान उलटलं. "अजून दीड पान आहे."